पान एकशे बारा

रविवारी त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात
जुनी पुस्तकं, पिंजऱ्यातले पोपट आणि नळाच्या तोट्या
एकाच चादरीवर मांडलेल्या असतात.
त्यांच्या पलीकडे, औषधाच्या दुकानातून वायर ओढून,
वॉशिंग्टन मॉनिटर विकतो.
(मोन्तेविदेओत हे साधं नाव आहे.
त्याचा भाऊ नेल्सन सायकली दुरुस्त करतो.)

माझ्या पर्समध्ये अडीच हजार पेसो
आणि पेनड्राइव्हवर एकच पान.
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका वेचते आहे.
घरचा पडदा मंगळवारी गेला,
आधी कडेनं पिवळा पडला, मग कुरकुरला,
मग एका अर्धविरामावर थांबला तो थांबलाच.

"किती इंची हवा?"
इंच राहू दे, म्हटलं, स्वल्पविराम दिसला पाहिजे.

त्यानं पहिला लावला. निळा प्लग, पंधरा पिना,
दोन्हीकडे चिमटीनं पिळायचे स्क्रू. सतराशे.
पान एकशे बारा उमटलं,
पण प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे त्याचीच फिकी सावली,
छापणारा घोटभर घेऊन बसल्यासारखी.
त्यानं ऑटोचं बटण दाबलं.
पान डावीकडे सरकलं, थरथरलं,
स्थिर झालं. जवळजवळ.
"ही वायर व्होल्ट आणते, दोन्या नेलिदा.
लाल किती, हिरवा किती, निळा किती, चढत-उतरत.
वाटेत थोडं सांडतं. वायर लांब, तर जास्त सांडतं."
दुधवाल्यासारखं, मी म्हटलं.

मग दुसरा. पांढरा प्लग, चोवीस पिना, एक चपटी पट्टी.
"ही नुसते आकडे आणते. पोचले तर पूर्ण पोचले.
वायर खराब असेल तर पडद्यावर टिकल्या चमकतात,
आणि मग अंधार. कुरकुर नाही."
माझ्या बहिणीसारखं,
हे मात्र मी बोलले नाही.

पान एकशे बारा.
अक्षरं अशी की बोटाला टोचावीत.
आणि नवव्या ओळीत, 'वर्ष' या आमच्या शब्दात,
न-च्या डोक्यावरची लाट नाही.
ती लाट गेली की त्या शब्दाचं काय होतं
ते इथलं शाळकरी पोरही जाणतं
आणि बाकाखाली तोंड घालून हसतं.

पुस्तक निघून सहा वर्षं झाली.
शोकाच्या कविता, चारशे प्रती.
एर्मेलिंदा आता नाही.
कुणी काही बोललं नव्हतं.
किंवा सगळे हसले, आणि मला सांगितलं नाही.

"हा बत्तीसशे," वॉशिंग्टन म्हणाला.
"पण घरच्या डब्याला मागे भोक कुठलं?"
मी डोळे मिटले. धूळ पुसताना हाताला लागतं ते.
निळं.
तो हसला. त्याच्या काखेतला थर्मास हलला.
मी म्हटलं, ते छोटं जोडणीचं बोंडूक लावलं तर?
"त्यानं नुसता वेष बदलतो. आत व्होल्टच राहतात."

शेवटी तिसरा घेतला,
ढोपर मोडल्यासारखा स्टँड, कोपऱ्यात एक ठिपका मेलेला,
पण पाठीला दोन्ही भोकं. तेवीसशे.
उरलेल्या पैशांत साखरेत घोळलेले शेंगदाणे,
आणि बसच्या तिकिटापुरते.

आता घरी निळीच वायर आहे.
पांढऱ्या भोकाला प्लास्टिकची टोपी घातली आहे,
कॉम्प्युटर बदलेन तेव्हा काढीन,
म्हणजे कधी ते विचारू नका.
सावली आहेच, थोडी.
नवव्या ओळीत लाट नाही हे या धूसरातही दिसतं,
माहीत झाल्यावर दिसतंच.

काल कपाटातून माझी प्रत काढली,
बारीक निबनं, श्वास रोखून, ती लाट काढली.
हात जरा हलला.
लाट म्हणून चालेल.